दुष्फेन पाणी

९ जानेवारी

मायन्याची जागा कोरीच सोडली आहे. 'चि. सौ. सूनबाईस' लिहायला हात गेला होता. पण त्यातलं 'सौ.' कोर्टाने काढून घेतलं आणि 'सूनबाई' आमच्या चिरंजीवांनी. उरलं नुसतं 'चि.', ते एकटं काही बरं दिसेना.

फोन केला नाही, कारण फोन वाजला की उचलायचा की नाही ते लगेच ठरवावं लागतं. पत्राचं तसं नसतं. हवं तर आठवडाभर टेबलावर पडू दे. पत्ता तुझ्या जुन्या दवाखान्यातल्या बाईंकडून मिळवला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी त्यांचा फार पिच्छा पुरवला. उत्तर माझ्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर धाड, घरच्या पेटीतलं टपाल हल्ली गहाळ होतं.

काम झाडांचं आहे. जाताना तू म्हणाली होतीस, "आई, झाडं तुमच्याकडेच राहू देत." म्हणून तुलाच विचारते. अनंताची पानं पिवळी पडताहेत. जुनी नाहीत, वरची कोवळी. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळीफटक, जणू कुणी हिरव्या पेनने जाळी काढली आहे. जुन्या पानांची टोकं तपकिरी होऊन कुरकुरीत झाली आहेत. कळ्या धरतात आणि गळतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसलाय, नखाने खरवडला की भुकटी निघते.

उपाशी आहे असं वाटून मी भरपूर खत घालते आहे. दुकानातलं दाणेदार, शिवाय चहाचा चोथा, शिवाय अंड्याची टरफलं. जितकं घालते तितकं ते जास्त रुसतं. तुझं हायड्रेंजिया मात्र ठीक आहे, पानं मोठी आहेत.

बाकी इकडे सगळं उत्तम. गॅलरीत सकाळचं ऊन छान येतं.

तुझी,
(इथेही काय लिहावं ते सुचेना)


२ फेब्रुवारी

बाळ,

तू 'ती. आई' असा मायना घातलास, मग मलाही हा घालायला हरकत नाही.

पत्र एक पान आणि तेही अख्खं कुंडीबद्दल! मी उलटसुलट करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का. नव्हतं. पण अक्षर तुझंच होतं, घाईतलं, 'र' अर्धवट सोडणारं. तेवढ्यावर दोन दिवस काढले.

तू लिहिलंस, "आई, आधी खत बंद करा. झाड उपाशी नाही, त्याला अजीर्ण झालंय. कुंडीत जमिनीसारखं खोल मुरायला कुठे जागा असते? घातलेलं सगळं तिथेच साचतं. आणि अंड्याची टरफलं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायचं का?"

नको सांगूस. कॅल्शियम कार्बोनेट. उभा जन्म फळ्यासमोर रसायनशास्त्र शिकवण्यात गेला, आणि आम्ल मातीवर जगणाऱ्या झाडाला मी माझ्या हाताने चुना चारत होते! वर्गातल्या कुणी हे केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

तू सांगितलंस तसं केलं. वरची पांढरी माती चमच्याने खरवडून फेकली. मग कुंडी कठड्यापाशी नेऊन हळूहळू पाणी ओतत राहिले, खालून वाहायला लागल्यावरही ओतत राहिले. आधी चहासारखं तपकिरी निघालं, मग फिकट, मग स्वच्छ. ताटलीत साचलेलं लगेच ओतून दिलं. पूर्वी मी ते तसंच ठेवायचे, झाडाला नंतर तहान लागेल म्हणून. धुऊन काढलेले क्षार तेच पाणी परत वर चढवतं, हे तू लिहिल्यावर डोक्यात उजेड पडला.

एक घोटाळा झाला. वाहून गेलेलं पाणी खालच्या शिंपीकाकांच्या पाटीवर पडलं. "बाई, पाऊस फक्त माझ्याच दुकानावर का?" म्हणून ते वर आले. आता पाणी घालायच्या दिवशी त्यांना आधी हाक मारायची असं ठरलंय.

तू कशी आहेस? हे झाडाच्या पत्रात बसत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीत लिही.

आई


१७ मार्च

बाळ,

तू विचारलंस, "शिंपी कुठून आला? आपल्या खाली तर दातांचे डॉक्टर होते ना?" होते. गेले. शिंपी नवीन आलाय. बिऱ्हाडं बदलतात, त्यात काय एवढं?

झाडाचं ऐक. टोकं जळायची थांबली, नवी पानं सबंध येताहेत. पण पिवळेपणा जात नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाई अजून नोकरीत आहेत, त्यांच्याकडून आम्ल की अल्क ते दाखवणाऱ्या, सामू मोजायच्या पट्ट्या आणल्या. कुंडीखालून निघालेल्या पाण्यात पट्टी बुडवली, तर रंग चढला अल्काच्या बाजूला. टरफलं बंद करूनही! म्हणजे मातीत लोह असेलही, पण झाडाला ते उचलताच येत नाही. ताटात वाढलेलं आहे आणि दातखीळ बसलेली. मग मी पाणी उकळून गार करून घालायला लागले. किटलीच्या तळाशी एवढा चुना जमतो की ठोकून काढावा लागतो. आंघोळीच्या साबणाचाही फेस धड होत नाही, नुसता साका होतो.

परवा बाजारात एक मुलगी पाठमोरी दिसली. तुझ्यासारखीच एक खांदा किंचित वर धरून चालत होती. मी दोन दुकानं तिच्या मागे गेले. ती वळली तेव्हा मला उगाच पालेभाजीचा भाव विचारावा लागला.

गुडघ्याचे व्यायाम करते, तू शिकवलेले. उशी गुडघ्याखाली ठेवून दाबायची, तो. तू समोर बसून मोजायचीस तेव्हा मी दोन-तीन चोरायचे. आता चोरायला कुणी समोर नाही, म्हणून सगळे करते.

आई


४ मे

बाळ,

आज फार आनंदात आहे, म्हणून तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. हायड्रेंजिया फुललं! ओंजळीत मावणार नाहीत एवढे गुच्छ. आणि गंमत म्हणजे या वेळी फुलं गुलाबी आली. चक्क गुलाबी, बाळाच्या टाचेसारखी. निळं बघून बघून डोळ्यांना सवय झाली होती. खाली उभं राहून शिंपीकाका म्हणाले, "बाई, ह्या रंगाचं कापड मिळालं तर दोन दिवसांत खपेल."

एक फूल वहीत दाबून तुला पाठवणार होते, पण दाबल्यावर ते मातकट झालं. डोळे मिटून कल्पना कर.

आई


२१ मे

बाळ,

पितळ उघडं पडलं. तेही फुलाने पाडलं.

तुझं पत्र शब्दाला शब्द पाठ झालंय. "आई, हायड्रेंजिया हौसेने रंग बदलत नाही. माती आम्ल असेल तर निळं फुलतं, अल्क झाली की गुलाबी. आपल्या घरी तलावाचं मऊ पाणी यायचं, म्हणून इतकी वर्षं ते निळं होतं. आता हे झाड खडकातलं पाणी पितंय. आपली गॅलरी पश्चिमेची आणि तुम्ही सकाळचं ऊन म्हणता. खाली शिंपी. साबणाला फेस नाही. आई, तुम्ही कुठे राहता? आणि कुणाबरोबर?"

वर्गात 'दुष्फेन पाणी' शिकवताना मी पोरांना म्हणायचे, साबण घासून बघा, पाणी स्वतःच कबूल करेल. तसंच झालं. आता सरळ सांगते.

चिरंजीवांनी गेल्या वर्षी लग्न केलं. मुलगी वाईट नाही. मला दुखावेल असं ती एक अक्षर बोलली नाही. आणि त्यांना मूल होणार आहे. एवढं एक तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून ही सगळी लपवाछपवी. तुम्हा दोघांचं मूल न होण्यावरूनच हळूहळू बिनसत गेलं, ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय. दवाखान्यातून येऊन तू गॅलरीत जायचीस आणि उगाच कोरड्या नसलेल्या कुंड्यांना पाणी घालायचीस.

बाळासाठी त्यांना गॅलरी काचेने बंद करून खोली करायची होती. चिरंजीव म्हणाला, "आई, झाडं कुणाला तरी देऊन टाक ना." रास्तच होतं, मूल आधी. पण बाळ, गोष्ट झाडांची नव्हती. त्या घरात तुझं नाव निघालं की सगळे आपापल्या ताटात बघायला लागायचे. पडदे तू निवडलेले, डब्यांवरच्या चिठ्ठ्या तुझ्या अक्षरात, आणि तुझं नाव घ्यायची चोरी. एकदा मी जेवताना सहज म्हणाले, "हे तिला फार आवडायचं," तर ती बिचारी नवी मुलगी उठून आत गेली. तिचंही काय चुकलं? तेव्हा ठरवलं की आपणच निघावं.

मला कुणी घालवलं नाही, हे नीट वाच. शिंप्याच्या दुकानावर एक खोली आहे, पुढे हातभर गॅलरी; खरा पत्ता या वेळी पाकिटावर घातलाय. कुंड्या आणि मी एकाच ट्रकातून आलो. चिरंजीव रविवारी येतो, फळं आणतो, दिवा गेला असेल तर बदलतो, आणि खुर्चीच्या कडेला बसून घड्याळ बघतो. इथे मी भिंतीशी बोलले तरी तुझं नाव घेऊन बोलू शकते.

तुला वाईट वाटलं असेल तर उत्तर देऊ नकोस. पण मग निदान अनंताचं तेवढं लिही.

आई


३० जून

बाळ,

तुझी बस वळली आणि मी वर आले. खोली होती तेवढीच आहे, पण एकदम मोठी वाटायला लागली. तुला त्या दिवशी उत्तर दिलं नाही. ते आज देते, पण माझ्या पद्धतीने, वळसा घालून.

दारात तुला बघून मी पहिलं वाक्य काय बोलले? "पाय पूस." दीड वर्षांनी आलेल्या माणसाला! आणि तू मुकाट्याने पुसलेस. मग पिशवी खाली न ठेवता तडक नळाकडे गेलीस, हातावर साबण घासलास आणि म्हणालीस, "आई, हे पाणी नाही, पातळ केलेला खडू आहे." आपण दोघी हसलो ते किती वेळ हसलो. शिंपीकाकांनी खालून काठीने छत वाजवलं.

ते दोन दिवस मी पुन्हा पुन्हा उलगडून बघते. तू बादलीत व्हिनेगर थेंब थेंब टाकत होतीस, मी पट्टी बुडवून रंग सांगत होते. "अजून?" "अजून." "आता?" "बास, बास, आता बास!" अनंत कुंडीतून उपटला तेव्हा मी डोळे झाकले होते. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळून बसली होती. तू ती बोटांनी सोडवलीस, तुझ्या पेशंटांचे आखडलेले हात सोडवतेस तशी. नवी माती, कुजलेला पाला, वरून त्या लोहाच्या औषधाचं लालसर पाणी. "हायड्रेंजियाची ह्या वर्षीची फुलं आता गुलाबीच राहणार," तू म्हणालीस, "तुम्ही नेटाने हेच पाणी घातलंत तर पुढच्या वर्षी बघू."

आणि त्यानंतर, हात मातीतच असताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आई, मी लग्न करतेय."

मी म्हटलं, "कुणाशी?" जणू शेजारीण कुठल्या दुकानातून भाजी आणते ते विचारतेय.

"आमच्या हॉस्पिटलात क्ष-किरणाची यंत्रं दुरुस्त करतो. कमी बोलतो. त्याला दोन भाऊ, आई, मावश्या, सगळं गाव आहे. माझ्या बाजूने कुणी नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, ते तुम्हाला माहीतच आहे." मग थांबलीस. "नोंदणीला माझ्या बाजूने तुम्ही याल?"

मी म्हणाले, "ताटलीतलं पाणी ओतून येते." मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तू हाक मारली नाहीस. संध्याकाळी बसस्टँडवरही विषय काढला नाहीस. तुझा हा समजूतदारपणा मला कधीकधी सोसत नाही.

मोरीत मी काय करत होते ते सांगते. रडत नव्हते. राग आला होता. तुझा नाही, त्या न बघितलेल्या बाईचा, तुझ्या होणाऱ्या सासूचा. बसल्या जागी तिला तू मिळणार! गुडघे दुखले की तू समोर बसून मोजणार. ती दोन-तीन चोरणार. तू एकटी आहेस याचं मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण तुझ्या त्या एकटेपणात माझी जागा अबाधित होती गं. पत्र लिहायला बसले की वाटायचं, तिलाही कुणी नाही, मलाही कुणी नाही, एक दिवस ती म्हणेल, आई, इकडेच या. मी तर मनातल्या मनात कुंड्या बसच्या टपावर चढवूनही ठेवल्या होत्या.

आता हे लिहून टाकलं, संपलं. कागदावर आलं की त्याचा जोर जातो.

मी येते. तुझ्या बाजूने येते. चिरंजीवाला मीच सांगेन, तो घड्याळ बघेल आणि मग तिकीट काढून देईल, तसा तो वाईट नाही. शिंपीकाका माझ्यासाठी नवे कपडे शिवताहेत. मुलीकडच्या माणसाने जुनेर घालून जायचं नसतं असं त्यांचं म्हणणं आहे. मी जाईन तेव्हा झाडांना पाणी तेच घालणार आहेत, पट्टी बुडवून. शिकवलंय त्यांना.

आई


१५ सप्टेंबर

बाळ,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "कुठे गेला होतात?" मी म्हटलं, "मुलीच्या लग्नाला." तिने विचारलं, "पाहुणे कसे आहेत?" मग काय, उतरेपर्यंत मी तिला झोपू दिलं नाही.

जावई आवडला. कमी बोलतो हे खरं, पण सहीची वेळ आली तेव्हा त्याने पेन आधी तुझ्या हातात दिलं, ते मी बघून ठेवलं.

त्याच्या आईशी माझं बोलणं झालं ते तुला माहीत नाही. कचेरीच्या बाहेर बाकावर आम्ही दोघीच होतो. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. शेवटी त्यांनीच विचारलं, "आपण तिच्या आधीच्या सासूबाई ना?" मी म्हटलं, हो. मला वाटलं आता त्या सरकून बसतील. त्या सरकल्या, पण जवळ. हळूच म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा. माझ्याशी ती फार जपून बोलते. रागावते कशी? मला कळणार कसं?"

बाळ, मी त्यांना सगळं सांगितलं. तू भांडत नाहीस, पण भांडी घासताना आवाज करतेस. दमलीस की मीठ विसरतेस. काही सलत असेल तर झाडांना उगाच पाणी घालतेस, तेव्हा जवळ जाऊन नुसतं उभं राहायचं, विचारायचं नाही. हे मला शिकायला वर्षं लागली आणि मी ते बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या ओंजळीत टाकलं. टाकताना जीवावर आलं. पण त्या इतक्या लक्ष देऊन ऐकत होत्या की मी एकही गोष्ट मागे ठेवू शकले नाही. मग मी म्हटलं, "सांभाळा हो आमच्या मुलीला." वाक्य तोंडातून गेलं आणि मीच दचकले. हे मी आयुष्यात कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं. मला एक मुलगाच, मुलगी नाही.

आणि त्या आधीचं, सकाळचं. तू आतल्या खोलीतून हाक मारलीस, "अहो आई, जरा येता का?" बाहेर आम्ही दोघी बसलो होतो, दोघीही उठलो. त्या हसल्या, "अगं, कोणती?" मग तू म्हणालीस, "अगं आई, तू ये."

तुझ्या नव्या कपड्याची पाठीतली शिवण उसवली होती. मी चार टाचण्या ओठांत धरल्या आणि एकेक लावत गेले. तुझी पाठ माझ्याकडे होती ते बरं झालं. तू पुढे बघतच विचारलंस, "आता येत जाशील ना माझ्याकडे? अशीच, काम नसताना?"

तोंडात टाचण्या होत्या, मी बोलू शकले नाही. मग बाहेरून सगळ्यांनी घाई केली आणि उत्तर राहूनच गेलं.

येईन गं. येत जाईन.

तुझी आई